पीएच.डी. झाली, पुढे काय?



आपल्या शेजारच्या सावंगीला १९९० साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. २००५ साली तेथील संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता तेथे पीएच.डी.ही होता येते. ही पदवी घेऊन मुलगा वा मुलगी घरी आली, म्हणजे पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा. कापसाच्या भावावर ज्यांचे वर्ष अवलंबून, त्यांनी तिशीपर्यंत मुलाला शिकविले. त्यांनी हा प्रश्न विचारला तर त्यांना कोण नावे ठेवील?

तरीही आमचे सांगणे असे आहे की, या वेळी आणखी दोन-तीन वर्षे मिळाली तर ती वाया जात नाहीत. प्रबंध गुरूच्या नजरेखाली लिहिला जातो. पुष्कळदा प्रश्नही गुरूनेच दिलेला असतो. आपला प्रश्न आपण निवडून तो धसास लावण्याचा काळ त्यानंतरचा. या काळात पोटाची विवंचना राहू नये म्हणून जे विद्यावेतन देतात, त्याला पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप म्हणतात.

डॉ. जयंत नारळीकरांचे उदाहरण घ्या. १९६३ साली केंब्रिजला त्यांची पीएच.डी. झाली. त्याच वर्षी किंग्ज कॉलेजने त्यांना फेलो केले. पुढली नऊ वर्षे ते केंब्रिजलाच संशोधन करीत राहिले. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ साली पुण्याची ‘आयुका’ त्यांच्या हातून उभी राहिली. मधल्या वर्षांची शिदोरी पुढे साऱ्या देशाच्या कामी आली.

आता आपल्याकडे पाहू. विदर्भात सिकलसेलचे रोगी पुष्कळ. आईबापांकडून आलेल्या या दोषाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल वेदनेने तळमळते. दोष तोच असून एकाला वारंवार दवाखाना गाठावा लागतो, तर दुसऱ्याचे बरे चालते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन ज्याच्या रक्तात अधिक टिकते, त्याला त्रास कमी, इतके कळले आहे. पुढचे कळण्यास तेच रोगी वर्षानुवर्षे पाहिले पाहिजेत. प्रबंधाच्या मुदतीत हे मावत नाही, आणि संशोधक पोटासाठी दुसरीकडे गेला की त्याच्या वह्या तशाच पडून राहतात.

सोयी अगदीच नाहीत असे नाही. केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय फेलोशिप दोन वर्षांची असते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटला दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये ठरविले आहेत. परंतु जागा स्वीकारण्यापूर्वी उमेदवाराने चार गोष्टी विचाराव्यात: पैसे दरमहा मिळतात का? आपला प्रश्न आपल्याला घेता येईल का? निबंधावर नाव कोणाचे? मुदत संपल्यावर वाट कोणती? हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

विद्यापीठांना आमची विनंती एवढीच की, या मुलांना कमी पगाराचे मास्तर समजून तासांना जुंपू नये. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, पेरल्याबरोबर बोंड धरत नाही हे आपणांस आम्ही काय सांगावे? तेवढा धीर या मुलांच्या बाबतीत धरावा, असे विनवून आम्ही आपली रजा घेतो.