दोष माझ्या कमरेचा नव्हता

(आमच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘बाई आणि प्रवास’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी बोलणार आहे मोटरसायकलच्या शॉकअपवर. हसू नका. शेवटी दोन्ही विषय एकच निघतील.

मी कोल्हापूरची. वय ४७, वजन ५२ किलो, नोकरी बँकेत. पाच वर्षांपूर्वी लांबच्या प्रवासाची उंच मोटरसायकल घेतली. हौस मोठी, पण दीडशे किलोमीटर झाले की कंबर धरायची. खड्डा आला की सीटवरून उडायची. सिग्नलला पायांची बोटंच तेवढी टेकायची. गॅरेजवाले म्हणाले, “ताई, ही गाडी तुम्हांला झेपणारी नाही, स्कूटर घ्या.” डॉक्टर म्हणाले, “या वयात बायकांची कंबर दुखणारच.” घरचे म्हणाले, “आम्ही आधीच सांगितलं होतं.” ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागले.

मग एका पावसाळ्यात गगनबावड्याहून कोकणात उतरताना पडले. वळणाआधी डांबराला लाटा आल्या होत्या. ब्रेक दाबला तेव्हा मागचं चाक जमिनीवर टिकेना, टणाटण उडायला लागलं. मनगट मोडलं. ब्रेक मी उशिरा दाबला, ही माझी चूक मी लपवत नाही. पण चाक उडत का होतं, हे मला कुणी सांगेना. “बाईमाणसानं घाटात कशाला जायचं?” एवढंच उत्तर मिळालं. गाडी विकायची ठरली.

प्लास्टरमध्ये दीड महिना घरी होते, तेव्हा वाचायला लागले. एक गोष्ट कळली. शॉकअप फक्त वर दबण्यासाठी नसतो, खाली जाण्यासाठीही असतो. आपण गाडीवर बसलो की ती थोडी दबली पाहिजे. लांबच्या प्रवासाच्या गाडीत चाकाची जेवढी वरखाली हालचाल होते, तिच्या साधारण एक तृतीयांश. एवढी दबलेली असली तरच खड्डा आल्यावर चाक खाली उतरून जमीन धरतं. दबलीच नाही, तर चाक खड्ड्यावरून उडतं आणि पुढच्या काठावर आपटतं. तो दणका थेट आपल्या मणक्यात.

मोजायला लागतात एक टेप आणि तीन माणसं. मी, जाऊबाई आणि भाची. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चाक अधांतरी. चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजलं. मग स्टँड काढून मी जॅकेट, हेल्मेट, सामानासकट बसले. जाऊबाईंनी पुढून गाडी धरली, भाचीनं पुन्हा मोजलं. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाची हालचाल १८० मिलिमीटर. म्हणजे साठेक मिलिमीटर दबायला हवी होती. दबली ३४. तीही प्रीलोडची चकती सगळ्यांत सैल करून!

आता प्रीलोडबद्दल. गॅरेजात म्हणतात, “स्प्रिंग सैल केली, गाडी मऊ झाली.” तसं नसतं. चकती फिरवून गाडीची उंची कमीजास्त होते. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीत आणि वेटोळ्यांत असतो, तो चकतीनं बदलत नाही. माझी स्प्रिंग माझ्यापेक्षा बऱ्याच जड माणसासाठी होती. एवढंच झालं होतं.

हे नवं नाही. मोटारींच्या टकरीच्या चाचणीसाठी १९७६ साली जो पुतळा तयार झाला आणि पुढे जगभर वापरला गेला, तो मध्यम बांध्याच्या पुरुषाचा, सुमारे ७८ किलोचा. ‘माणूस’ म्हटलं की आधी तोच डोळ्यांसमोर येतो. आपण त्या मापात बसलो नाही, की दोष आपल्या अंगाचा ठरतो.

गॅरेजवाल्यांनी गाडी खाली बसवण्याचा किट सुचवला होता. मी नको म्हटलं. त्यानं गाडीचं पोट दगडांना लागतं, बाजूचा स्टँड लांब पडून गाडी उभी राहत नाही, आणि फक्त मागची बाजू उतरवली तर हँडल वळायला सुस्त होतं. मी दुसरा मेकॅनिक शोधला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “तुमचं वजन किती?” तेव्हाच मी ओळखलं, याला काम येतं.

माझ्या वजनाच्या स्प्रिंगचा मागचा शॉकअप बसवला, त्याला परतीचा वेग ठरवायचा स्क्रू आहे. पुढच्या फोर्कमध्ये मऊ स्प्रिंगा घातल्या आणि तेल बदललं. जुनं तेल काळंकुट्ट निघालं. खर्च मजुरीसह ३८,००० रुपये. त्या वर्षीची भिशी त्यात गेली. घरात कुरकुर झाली. मी म्हटलं, मनगटाचं बिल याहून मोठं होतं.

पुन्हा मोजलं, तर गाडी ५७ मिलिमीटर दबली. मी बसल्यावर सीट आता दोनेक सेंटिमीटर खाली असते. गाडी न छाटता पाय टेकले! स्क्रू मात्र सावकाश लावावा लागला. परतीचा वेग फार कमी ठेवला, तर ओळीनं खड्डे आल्यावर शॉकअप पुरता उघडतच नाही, दबत दबत जातो. फार जास्त ठेवला तर गाडी होडीसारखी डुलते. एका वेळी एकच बदल करायचा, तोच रस्ता पुन्हा चालवायचा, वहीत लिहायचं. भाची मागे बसली की चकती घट्ट करते, एकटी असले की सैल.

गेल्या दिवाळीत त्याच घाटातून उतरले. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण चाक जमिनीवर राहिलं. रात्री कंबर थोडी दुखली, तीनशे किलोमीटरनंतर कुणाचीही दुखते, तेवढीच.

१९३४ च्या डिसेंबरात थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेन्किरॉन या दोघी लंडनहून मोटरसायकल आणि साइडकार घेऊन निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैत केपटाउनला पोचल्या. त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकाला शॉकअपच नव्हता. तेव्हा ‘बाईला झेपत नाही’ हे तर बाजूलाच ठेवा. पण आपण सोसू शकतो, म्हणून सोसत राहावं असंही नाही.

शिलाई मशीन असो, ऑफिसची खुर्ची असो, शेतातलं अवजार असो, अंग दुखायला लागलं की आधी स्वतःला दोष देऊ नका. टेप आणा. मोजा. आणि मोजायला दोघी मैत्रिणींना बोलवा, कारण हे काम एकटीनं होत नाही.