बारावीचे गुण आणि नर्सिंगची वाट

मार्केट यार्डातल्या गाळ्यावर वडिलांना हातभार लावत बारावी झालेल्या मुलीला पन्नासच्या आत टक्के पडले, की घरचे म्हणतात, ‘आता नर्सिंगचं नाव काढू नकोस.’ नियम मात्र तसं सांगत नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार बी.एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात मिळून ४५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींना ४०. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) पदविकेला इंग्रजीसह बारावी ४० टक्क्यांनी उत्तीर्ण असलं तरी चालतं, कलाशाखाही चालते. ही पदविका आणि नोंदणी झाली, की दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवीही मिळवता येते. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी सीईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. म्हणजे बारावीचा निकाल हा शेवटचा शब्द नाही.

यावर आक्षेप येतो: कमी गुण मिळवणाऱ्यांच्या हाती रुग्ण सोपवायचा कसा? शंका रास्त आहे. पाच मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध असेल आणि २५० द्यायचं असेल, तर अडीच मिलिलिटरच भरायचं. इथे चूक परवडत नाही. पण हे कौशल्य वॉर्डातल्या देखरेखीखालच्या सरावातून आणि परीक्षांतून पारखलं जातं. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदन संस्थेने गेल्या शतकाच्या आरंभी शिक्षणाला पारख्या झालेल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिका म्हणून घडवलं, तेही प्रशिक्षणाच्याच बळावर. तेव्हा गणित आणि इंग्रजी आजपासून पक्कं करा, आणि फी भरण्याआधी संस्थेची मान्यता महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नक्की तपासा.