आवाजांची वाटणी

मी ज्या खोलीत बसून हे बोलत आहे, तिच्या काचेपलीकडे एक अभियंता बसलेले आहेत. त्यांच्यासमोर सरकत्या पट्ट्यांचे एक टेबल आहे. त्यांतली एक पट्टी माझ्या मायक्रोफोनची. गायनाचा कार्यक्रम असला म्हणजे गायकाची पट्टी निराळी, तबल्याची निराळी, संवादिनीची आणि तानपुऱ्याची निराळी. तबला फार वर आला तर ते तबल्याची पट्टी खाली ओढतात; त्यासाठी गायकाचा गळा दाबीत नाहीत. ही गोष्ट इतकी स्वाभाविक आहे, की तिचा वेगळा उल्लेख करण्याचेही कारण पडू नये. परंतु आपल्या सर्वांच्या खिशात जो स्मार्टफोन असतो, त्यात ही साधी सोय बहुधा नसते, आणि तिच्या अभावाची किंमत कधी कधी मोठी असते.

जुन्या रेडिओला आवाजाचे एकच बटण होते, आणि ते पुरतही असे. कारण रेडिओतून एका वेळी एकच आवाज येई. घड्याळाचा गजर निराळा, टेलिफोनची घंटा निराळी, दारावरची कडी निराळी. आज ही सारी बिऱ्हाडे एकाच घरात राहावयास आली आहेत. फोन म्हणजे आवाजांचे एकत्र कुटुंबच झाले आहे. आणि एकत्र कुटुंबात भांडण लागते ते बहुधा वाटणीवरून.

ही वाटणी मुळीच झालेली नाही असे मात्र नाही. अँड्रॉइड या प्रणालीने आवाजांचे प्रकार पाडले आहेत : गाणी-चित्रफिती यांचा आवाज, संभाषणाचा, घंटेचा, सूचनांचा आणि गजराचा. ही वाटणी प्रकारवार आहे, ॲपवार नाही. म्हणजे भजन, क्रिकेटचे समालोचन, मुलांचा खेळ आणि रस्ता दाखविणारी बाई, हे सारे एकाच पट्टीच्या हुकमतीखाली. भजन मंद ध्वनिमुद्रणाचे आहे म्हणून आजीने पट्टी वर नेली, की नातवाने उघडलेला खेळ पुढच्या क्षणी घर डोक्यावर घेतो.

काही वाटण्या तर अगदी अलीकडच्या आहेत. कित्येक फोनांत येणाऱ्या फोनची घंटा आणि संदेशांची टिणटिण वर्षानुवर्षे एकाच पट्टीला बांधलेली होती; मूळ अँड्रॉइडमध्ये त्यांची फारकत झाली ती २०२३ साली, चौदाव्या आवृत्तीत. या एका गाठीने मला जो धडा दिला, तो सांगण्यासारखा आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात नदीकाठच्या एका तालुक्यात मी पूरनियंत्रणाच्या कामावर होतो. कामासाठी केलेले संदेशांचे गट वीसच्या वर गेले होते, आणि त्यांत पाण्याच्या पातळीइतकीच शुभेच्छांची आणि जुन्या छायाचित्रांची आवक होती. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास मी घंटेचे चित्र असलेली पट्टी पार खाली ओढली आणि आडवा झालो. टिणटिण थांबली, पण तिच्याबरोबर फोनची घंटाही थांबली, हे माझ्या लक्षात आले नाही. पावणेतीनला एका गावच्या तलाठ्यांनी तीन वेळा फोन केला. ओढ्याचे पाणी वस्तीत शिरत होते. मी ते पाहिले साडेतीनला. सुदैवाने त्या गृहस्थांनी माझ्या हुकमाची वाट पाहिली नाही. शाळा उघडून त्यांनी वस्ती तिथे हलविली होती. सकाळी मी गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “साहेब, आपला फोन लागत होता.” त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अजून टोचते.

दोष माझा होताच. एकेक गट मुका करता आला असता. परंतु थकलेल्या माणसाच्या हाती जे साधन द्यावयाचे, त्यात नकोशा आवाजाबरोबर हवा तो आवाजही बुडत असेल, तर ते साधन अपुरे आहे, असे म्हणणे भाग आहे.

आता, ॲपवार वाटणी करणे फार अवघड आहे काय? तांत्रिकदृष्ट्या मुळीच नाही. फोनमधील आवाज म्हणजे आकड्यांची ओळ : सेकंदाला बहुधा ४८,००० आकडे. या प्रत्येक आकड्याला अर्ध्याने गुणले की आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो. निरनिराळ्या ॲपांकडून आलेल्या अशा ओळी फोन एकत्र मिळवितो, आणि मिळविण्यापूर्वी प्रत्येक ओळीला तिचा स्वतंत्र गुणक लावण्याची व्यवस्था यंत्रणेत आहेच. फक्त त्या गुणकाची दोरी ॲप लिहिणाऱ्याच्या हाती आहे, ऐकणाऱ्याच्या नाही. संगणकावर विंडोज व्हिस्टाने ही दोरी २००७ साली सामान्य माणसाच्या हाती दिली. फोनांत सॅमसंगने ‘साउंड असिस्टंट’ नावाच्या ॲपद्वारे तशी सोय केलेली आहे. तेव्हा प्रश्न शक्यतेचा नाही, इच्छेचा आहे.

निर्मात्यांच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की लहानशा यंत्रातून एका वेळी एकच आवाज यावा. दुसरा आला की पहिल्याने थांबावे किंवा दबावे. गाडी चालविताना रस्त्याची सूचना येते आणि गाणे क्षणभर खाली जाते, ते याच शिष्टाचारामुळे. शिवाय पट्ट्या वाढल्या की गोंधळ वाढतो. यात तथ्य आहे. तथापि हा शिष्टाचार ‘कोणी केव्हा बोलावे’ एवढेच ठरवितो. ‘किती मोठ्याने’ हे ठरवीत नाही. आणि ज्याला नको त्याच्यासाठी पट्ट्या आत झाकून ठेवता येतात.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, कानांचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकावयाचे, तर आवाज ८० डेसिबेलच्या वर नसावा. आणि दर ३ डेसिबेल वाढीला हे तास निम्मे होतात. ९० डेसिबेलला जेमतेम चार तास उरतात. मंद ॲपासाठी चढविलेली पट्टी कर्कश ॲपासाठी तशीच राहिली, तर हा हिशेब कानांत श्रवणयंत्रे खुपसून बसलेल्या मुलाच्या नकळत चुकत जातो. दूरचित्रवाणीच्या जाहिराती अवाजवी कर्कश नसाव्यात, असे आपल्याकडील केबल जाळ्यांच्या १९९४ च्या नियमांत म्हटले आहे. घरातल्या पडद्यासाठी जो विचार तेव्हा सुचला, तो तळहातावरच्या पडद्यासाठीही व्हावा.

तोवर काय करावे? दोन-तीन गोष्टी हाताशी आहेत. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, प्रत्येक ॲपच्या सूचना प्रकारवार मुक्या करता येतात. पट्टी ओढण्यापेक्षा हा मार्ग बरा. रात्रीसाठी ‘व्यत्यय नको’ ही सोय लावावी. तीत निवडक माणसांचे फोन वाजू देता येतात, आणि तोच माणूस पंधरा मिनिटांत पुन्हा फोन करील तर तोही वाजावा असे ठरविता येते. नकाशाच्या ॲपमध्ये बोलणारीचा आवाज लहानमोठा करण्याची सोय तिथेच असते. आणि आवाजाची वाटणी करून देतो म्हणून कोणी अनोळखी ॲप फोनच्या साऱ्या किल्ल्या मागू लागले, तर चार पैशांच्या सोयीसाठी तिजोरी उघडून देऊ नये.

सरकारी कचेरीत एक जुना अनुभव आहे. अर्जांचा त्रास होतो म्हणून सरसकट दार बंद केले, की रिकामटेकडा उद्या पुन्हा येतो. ज्याचे काम खरेच अडले आहे तो मात्र परत जातो आणि पुन्हा येत नाही. म्हणून चांगला शिपाई दार बंद करीत नाही. तो माणसे ओळखतो. आपल्या फोनांना एवढी ओळख शिकविणे कठीण नाही. त्या रात्रीनंतर मी निजण्यापूर्वी फोन हाती घेतो, तो शांत करण्यासाठी नव्हे. कोणाचा आवाज आपल्यापर्यंत पोचलाच पाहिजे, त्या नावांची यादी एकदा पाहण्यासाठी. त्या यादीत पहिले नाव त्या तलाठ्यांचे आहे.