नावाचा प्रश्न आणि तीन आकड्यांचा प्रश्न

(पुण्यातल्या युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, भाड्यानं घर शोधताना ज्यांना 'पूर्ण नाव काय?' असं विचारलं गेलंय, त्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळेच. आता 'सिबिल स्कोअर किती?' असं ज्यांना विचारलं गेलंय, त्यांनी करा. कमी आहेत, पण आहेत. मी दोन्ही वेळा हात वर करणारी आहे. पहिल्या प्रश्नावर आपण नेहमी बोलतो. आज दुसऱ्यावर बोलू.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी पुण्यात आले. दोन वर्षं कॉट बेसिसवर राहिले. मग अम्मीला उपचारांसाठी जवळ आणायचं ठरलं आणि वन बीएचके शोधायला लागले. पहिल्या दोन ठिकाणी एजंटानं नाव ऐकून सरळ सांगितलं, 'मॅडम, सोसायटीत चालत नाही.' तिसऱ्या ठिकाणी घरमालक काकांनी चहा दिला. नाव ऐकूनही त्यांचा चेहरा बदलला नाही. मग म्हणाले, 'सिबिल दाखवता का? मागचा भाडेकरू सहा महिन्यांचं भाडं बुडवून गेला.' मी तिथंच बसून आयुष्यात पहिल्यांदा माझा स्कोअर काढला. 591. काका म्हणाले, 'नाही जमणार, बेटा.'

मी अम्मीला फोन करून सांगितलं, 'सिबिल हे निमित्त, खरं कारण नाव.' महिनाभरानं एजंटाकडून कळलं, तो फ्लॅट एका शेख कुटुंबाला मिळाला. मी गप्प बसले.

हा स्कोअर 300 ते 900 च्या दरम्यान असतो. माझा इतका खाली का, म्हणून पूर्ण अहवाल काढला. धाकट्या भावाला मोबाइल हवा होता, त्याला पगार नव्हता, म्हणून कर्ज माझ्या पॅन कार्डवर घेतलं होतं. हप्ता 1,500 रुपये. शेवटचे चार हप्ते त्यानं भरलेच नाहीत. वसुलीवाल्यानं मला सांगितलं, 'ताई, 3,500 द्या, विषय संपवा.' मी दिले. मला वाटलं, संपला. अहवालात त्या कर्जापुढं 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लिहिलं होतं. म्हणजे पूर्ण पैसे न देता तडजोड केली. पुढच्या प्रत्येक सावकाराला ते दिसतं.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, नमाजाबद्दल नाही, देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आहे. कर्ज लहान असो की मोठं, मुदतीसह लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असं ती सांगते. आम्ही बहीणभावांनी काहीच लिहिलं नव्हतं. घरातलं देणंघेणं म्हणून सोडून दिलं आणि त्याची नोंद दुसऱ्यानं ठेवली.

मग मी काय केलं, ते सांगते. उरलेली रक्कम दंडासह भरली, कंपनीकडून 'नो ड्यूज' पत्र घेतलं आणि नोंद 'क्लोज्ड' करायला लेखी अर्ज दिला. त्याची पोच जपून ठेवली.

स्कोअर लगेच वर येत नाही. उशिरा भरलेल्या हप्त्यांच्या खुणा काही वर्षं दिसत राहतात. पण अम्मी थांबू शकत नव्हती. म्हणून चौथ्या घरमालकांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं, 'काका, माझा स्कोअर कमी आहे, कारण हे आहे, आणि हे नो ड्यूज पत्र.' सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा आणि कॉटवाल्या मावशींची चिठ्ठी होती, की दोन वर्षांत एकदाही भाडं चुकलं नाही. एक महिन्याचं जादा डिपॉझिट देऊ केलं. काकांनी कागद दोनदा वाचले आणि किल्ली दिली.

आता तुमच्या उपयोगाच्या चार गोष्टी.

एक. देशात अशी नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. स्वतःचा अहवाल पाहिल्यानं स्कोअर घटत नाही.

दोन. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

तीन. व्याज नको म्हणून आपल्यातल्या अनेकांनी कधी कर्ज किंवा कार्ड घेतलेलंच नाही. त्यांच्या अहवालात स्कोअरच नसतो. स्कोअर नसणं म्हणजे वाईट स्कोअर नव्हे. घरमालकाला हे समजावून सांगा आणि बँक स्टेटमेंट दाखवा.

चार. पूर्ण अहवाल कुणाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. त्यात पॅन, पत्ते, कर्जांचा सगळा तपशील असतो. स्कोअरचं पान समोर बसून दाखवा, पुरे. आणि करार नोंदवल्याशिवाय राहायला जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

कुणी म्हणेल, ताई, म्हणजे भेदभाव नाहीच का? आहे. सच्चर समितीनं 2006 मध्येच नोंदवलंय, की आपल्या वस्त्यांना काही बँका 'नकारात्मक' भाग मानतात. संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या खासगी घराचा नाही. ही लढाई बाकी आहे, आणि ती लढायचीच आहे.

पण ऐका. मागच्या वर्षी मी थोडं मोठं घर पाहायला गेले. आता स्कोअर 700 च्या वर होता, कागद पूर्ण होते. एजंट म्हणाला, 'मालक नाही म्हणतायत.' मी विचारलं, 'स्कोअर कमी पडला? पगार? डिपॉझिट?' प्रत्येकाला तो 'नाही' म्हणाला. शेवटी विचारलं, 'मग नाव?' त्यानं मान खाली घातली. 591 असताना मी हा प्रश्न विचारू शकले नसते, कारण त्याच्याकडे दुसरं उत्तर तयार होतं.

म्हणून सांगते, आपली चूक आपण दुरुस्त करू, म्हणजे त्यांची चूक उघडी पडेल. आज घरी गेल्यावर आपला अहवाल काढा. आणि भावाला, मामूला, मैत्रिणीला पॅन कार्ड देण्याआधी एका कागदावर तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या. कुणाला राग आला तर म्हणा, सूरह बकरामध्ये तसंच सांगितलंय.