बातमी वलगणीसारखी फिरली पाहिजे
(तालुका शिबिरात केलेलं भाषण)



माहिती म्हटलं की आपल्यातले बरेच जण मागं सरकतात. म्हणतात, आम्ही अंगठेवाले, माहिती सायबाकडं. पण पहिल्या पावसात ओहोळाला वलगण चढली, तर कोण साहेब सांगायला येतो? रातोरात चार पाडे जागे होतात. शेवळं कुठल्या रानात फुटली, मोहाला बाजारात काय भाव मिळाला, कुठल्या वीटभट्टीचा शेठ हिशोबात बुडवतो, हे सगळं आपल्याला कळतं. पाणवठ्यावर कळतं, बोहाड्यात कळतं, लग्नात कळतं. लेक दिली त्या पाड्यावरून निरोप येतो. म्हणजे बातमीच्या वाटा आपल्याकडं आहेत, आणि त्या पक्क्या आहेत.

मग वनहक्काच्या दाव्याची बातमीच का अडते?

वलगणीची बातमी कुणी दाबून ठेवत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्याकडून कळायची असते. कागदाचं तसं नाही. कागद येतो एका माणसाकडं. तो त्याच्या पिशवीत राहतो. माणूस वाईट असतो असं नाही, त्यालाही मजुरीला जायचं असतं. पण सगळं त्याच्याकडंच कळतं म्हटल्यावर लोक त्याच्या दारात जातात. तिथंच दलाल उभा राहतो. "फाईल सरकवतो, पैसे द्या" म्हणतो. दाव्याचा फॉर्म फुकट मिळतो, हे माहीत असतं तर कुणी पैसे दिले असते का?

यात आपलं काय जातं ते नीट ऐका. दावा नामंजूर झाला, किंवा पाच एकराचे वीस गुंठे केले, तर कारणासकट ते दावेदाराला स्वतःला कळवलं पाहिजे, असा नियम आहे. मग 60 दिवसांत वरच्या समितीकडं अर्ज करता येतो. प्रांतांच्या समितीनं नाकारलं तर जिल्हा समितीकडं. फार तर 30 दिवस वाढवून मिळतात. आता हिशोब करा. दिवाळी झाली की आपली माणसं उचल घेऊन भिवंडी-वसईकडं भट्टीवर जातात. मागं कागद येतो, आणि ती परत येईपर्यंत दिवस भरून जातात. बापानं, आजानं कसलेला प्लॉट असा हातचा जातो. ज्याला कागद हातात मिळालाच नाही, त्यानं तसं लेखी द्यावं आणि पोच घ्यावी.

दुसरी गोष्ट अफवेची. अफवासुद्धा याच वाटांनी फिरते. "दावा नामंजूर झाला, आता जमीन सोडा." "सॅटेलाईटच्या फोटोत शेत नाही, म्हणजे संपलं." ऐकून माणूस घाबरतो, पेरणी करत नाही, आणि ताबा आपोआप सुटतो. कायदा काय सांगतो? 2006 च्या कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणाला जमिनीवरून काढता येत नाही. 2012 च्या सुधारित नियमांत लिहिलंय की सॅटेलाईटचा फोटो बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून आहे, त्यांच्या जागी नाही. म्हाताऱ्या माणसांचा जबाब पुरावा आहे. बांध, सपाट केलेली जमीन, झोपडी, हे पुरावे आहेत. 13 डिसेंबर 2005 च्या आधीची दंडाची पावती असेल तर ती जपून ठेवा, तीसुद्धा आपल्या कामाची आहे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. बातमी तोंडानं फिरवा, पण पक्की कागदावर करा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं हेच केलं. अभ्यास गटात बसायचं, समजून घ्यायचं, वाद घालायचा, आणि निर्णय ग्रामसभेत सगळ्यांच्या मतानं करायचा. त्या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं.

आपण पाड्यापाड्यात हे करू या.

एक, आलेला प्रत्येक कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा. कोणत्या तारखेला आला ते त्यावर लिहायचं.

दोन, प्रत्येक पाड्यात निरोप नेणारे दोघं, एक बाई आणि एक गडी. त्यातलं एक तरी भट्टीवर न जाणारं.

तीन, भट्टीवर जायच्या आधी कोण कुठं जातंय त्याची वही करायची. कुणाच्या मोबाईलवर निरोप लागेल तेही लिहायचं.

चार, बायांना वगळून बातमी नाही. जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं आहे, मग कागद एकट्या नवऱ्यानंच का ऐकायचा? दाव्याच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात, आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बायांचा लागतो.

पाच, बातमी सांगताना कुणी सांगितलं, कधी सांगितलं, हे सांगायचं. ऐकणाऱ्यानं विचारायचं. विचारायची लाज नको.

परत गेल्यावर पहिलं काम करा. तुमच्या पाड्यात न वाचलेले किती कागद कुणाच्या घरी पडलेत ते मोजा. पुढच्या बैठकीला तो आकडा घेऊन या. ज्यांचे दिवस अजून शिल्लक आहेत त्यांचे अर्ज तिथंच बसून लिहू.

जोहार! जल-जंगल-जमीन आमच्या हक्काची!