नाग नदी आणि समुद्रकाठचा नवा दगड



नागपूर हे समुद्रापासून शेकडो मैल दूर वसलेले नगर. येथे समुद्रकिनाऱ्याच्या प्रदूषणाची चर्चा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मात्र याच नगरातून वाहते. नाग नदी पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत विसर्जित होते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता बनते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत गोसीखुर्दचे धरण आहे व बराच गाळ तेथे अडतो, हे खरे. परंतु जे हलके आणि सूक्ष्म, त्याला पुढची वाट मोकळीच राहते.

समुद्रकाठी गेलेले प्लास्टिक आता पिशवी किंवा बाटली याच रूपात आढळते असे नाही. हवाई बेटांतील कामिलो किनाऱ्यावर वितळलेले प्लास्टिक, वाळू, लाव्हाचे खडे आणि पोवळ्यांचे तुकडे एकजीव होऊन बनलेला एक नवाच दगड पॅट्रिशिया कॉरकोरन, चार्ल्स मूर व केली जॅझव्हॅक यांनी २०१४ साली जगापुढे आणला आणि त्यास ‘प्लास्टिग्लोमरेट’ हे नाव दिले. किनाऱ्यावरील शेकोट्या हे त्याचे कारण. २०१९ साली पोर्तुगालच्या मडेरा बेटावर लाटांनी खडकांवर घासून बसविलेला प्लास्टिकचा पापुद्रा नोंदला गेला. त्याच वर्षी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील जळक्या प्लास्टिकच्या करड्या गोट्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या गोट्या हुबेहूब नदीतल्या गोट्यांसारख्या. फरक इतकाच की त्या पाण्यावर तरंगतात, आणि त्यांत शिसेही आढळले. ब्राझीलच्या त्रिंदादे बेटावर तर असे खडक हिरव्या कासवांच्या विणीच्या जागीच सापडले. हे सारे परदेशातले, असे म्हणून सुटका नाही. २०२३ मध्ये अंदमानातील एव्हज बेटावरूनही असाच दगड नोंदला गेला.

यातील खरी अडचण ओळख पटण्याची आहे. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून नागरिकांनी जे स्वच्छतेचे कार्य केले, त्यास तोड नाही. २०१८ मध्ये तेथे कासवाची पिल्लेही दिसली. परंतु गोटा समजून जे ओलांडले जाते, ते कोणत्या हाताने वेचावे? व्यापारी भाषेत ज्याला ‘दाणा’ म्हणतात, तो कारखान्यांचा कच्चा मालही असाच. मे २०२५ मध्ये केरळजवळ एक मालवाहू जहाज बुडाले, तेव्हा हा दाणा तिरुवनंतपुरमच्या वाळूत मिसळला. वाळूतून साबुदाणा निवडण्यासारखेच ते काम!

याहून सूक्ष्म रूप मात्र वस्त्राचे आहे, आणि या सभागृहात बसलेल्या अनेक कुटुंबांची पेढी कापडाचीच आहे. १८७७ साली याच नगरात एम्प्रेस मिल सुरू झाली ती कापसाच्या बळावर. आज गांधीबाग-इतवारीच्या दुकानांत पॉलिस्टर व मिश्र धाग्याचे कापड मुबलक आहे. ग्राहकाला ते स्वस्त, टिकाऊ आणि इस्त्रीच्या कटकटीतून सोडविणारे वाटते, आणि गरिबाच्या अंगावर वर्षभर टिकणारे वस्त्र त्यानेच दिले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. तथापि इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये सांगितलेला हिशेबही वहीत मांडला पाहिजे. सहा किलो कपड्यांच्या एका धुलाईत मिश्र कापडातून सुमारे १ लाख ३८ हजार, पॉलिस्टरमधून जवळपास ५ लाख आणि ॲक्रिलिकमधून ७ लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. ते मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातात.

जैन घरांत पाणी गाळण्यासाठी जाड सुती कापडाची दुहेरी घडी वापरण्याची रीत आहे. हल्ली नळाला नायलॉनची जाळी लावून तेच काम उरकले जाते. जीवरक्षणासाठी धरलेले गाळणेच तंतू सोडू लागले, तर त्या रीतीचे काय उरले? कापडाची परीक्षा कठीण नाही. सुती धागा पेटविला की कागदासारखा वास येऊन त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळी टणक गुठळी धरतो. कामिलोच्या दगडातही असेच वितळून थिजलेले प्लास्टिक आहे. गाळण्याचे फडके घेताना ही परीक्षा दुकानातच करून मागावी. सचोटीचा व्यापारी त्यासाठी बोटभर धागा देण्यास नकार देणार नाही.