बालदमा, त्यावरील औषधे आणि मुलांचे डोळे



दमेकरी मुलांचे पालक आम्हां डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतात : रोजच्या पंपाने मुलाची दृष्टी तर अधू होणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. दमा आटोक्यात ठेवणाऱ्या पंपात स्टेरॉइड असते, आणि दीर्घकाळ पोटात घेतलेल्या स्टेरॉइडने मोतीबिंदू होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राने १९६० साली नोंदविले. तथापि या भीतीपोटी पंप बंद करणे मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून भय कोठे बाळगावे व कोठे नाही, एवढेच येथे सांगतो.

स्टेरॉइडने डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. हा वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, त्यामुळे मूल तक्रारही करीत नाही.

आता मात्रा पाहू. बेक्लोमेटासोनच्या पंपाच्या एका फवाऱ्यात सामान्यतः ५० किंवा १०० मायक्रोग्रॅम औषध असते. प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीत ५,००० मायक्रोग्रॅम. औषधे भिन्न असल्याने ही तुलना केवळ वजनाची आहे. परंतु फवारा थेट श्वासनलिकांत पोहोचतो, म्हणूनच तो अल्प मात्रेत पुरतो. नेहमीच्या मात्रेत पंप घेणाऱ्या मुलांच्या डोळ्यांना धोका फारच थोडा असतो. स्पेसर वापरावा व नंतर चूळ भरवावी. तीव्र झटक्यात डॉक्टरांनी तीन ते पाच दिवस गोळ्या दिल्यास त्याही निःशंक द्याव्यात.

खरे भय आपल्या सामानातून येते. सुट्टीत गावी गेल्यावर आणलेल्या गोळ्या, घटक न लिहिलेल्या दम्याच्या पुड्या आणि डोळ्यांचे थेंब यांत स्टेरॉइड असू शकते. दम्याच्या अनेक मुलांना डोळ्यांचीही ॲलर्जी असते. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली व खाज झटकन उतरते. म्हणून तीच बाटली महिनोन्‌महिने चालू राहते आणि दाब नकळत वाढत जातो. असे थेंब नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीविना घालू नयेत. मात्र बरेच दिवस चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी थांबवू नका. त्याने प्राणावर संकट येऊ शकते. त्या डॉक्टरांना दाखवा.

डोळे सतत चोळण्याची सवयही घातक आहे. त्याने बुबुळावरील पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येऊ शकतो. खाजेवर थंड पाण्याची पट्टी ठेवावी व योग्य उपचार घ्यावेत. इप्राट्रोपियमची वाफ मास्कने देताना तो चेहऱ्यावर घट्ट बसवावा; वाफ डोळ्यांत गेल्यास बाहुली मोठी होऊन अंधुक दिसते.

ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालील मुलांची नेत्रतपासणी राष्ट्रीय आरोग्य सेवेतर्फे मोफत होते. त्या वेळी मूल घेत असलेली सर्व औषधे, गावाकडून आणलेलीसुद्धा, सोबत न्यावीत आणि संकोच न करता दाखवावीत. पंप मात्र चालू राहू द्यावा.